‘चूक झाली’ आणि ‘मी चूक केली’

प्रोबेशन संपत आलेल्या मुलांसाठी आमच्या कंपनीत एक फॉर्म भरावा लागतो. दहा मुद्दे, प्रत्येकाला पाचपैकी गुण. सातवा मुद्दा ‘रिटन कम्युनिकेशन’. गेल्या वर्षी माझ्या हाताखाली काम शिकणाऱ्या एका मुलाला मी त्यात दोन गुण दिले. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं : काम चांगलं आहे, पण लेखनकौशल्यात बरीच सुधारणा हवी. सगळा फॉर्म भरायला मला दहा मिनिटंही लागली नसतील. त्याचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं.

तीन महिने ऐकायला फार वाटत नाहीत. पण दर रविवारी फोनवर ‘पक्का झालास का रे?’ असं विचारणाऱ्या वडिलांना तीन महिने काहीतरी सांगत राहावं लागतं. हे त्यानेच मला नंतर सांगितलं. तक्रार म्हणून नाही, चहा पिता पिता सहज.

हा लेख त्या दोन गुणांबद्दल आहे. मी ते दिले, कारण त्याला लिहिता येत नाही असं मला खरोखर वाटत होतं. आता तसं वाटत नाही. ‘लिहिता येणं’ म्हणजे काय, याबद्दलची माझी समजूतच चुकीची होती. आणि त्या चुकीचा फायदा मला झाला होता.

*

‘आजकालच्या ग्रॅज्युएट्सना चार ओळी धड लिहिता येत नाहीत’ हे वाक्य हिंजवडीतल्या कुठल्याही कँटीनमध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. मीही म्हटलंय. ते खोटंही नाही. बग नोंदवताना ‘लॉगिन चालत नाही, कृपया बघा’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणाचं लॉगिन, कुठल्या ब्राउझरवर, कधीपासून, काल चालत होतं का, काहीच नाही. ज्याला तो बग सोडवायचा असतो, त्याचा अर्धा दिवस प्रश्न विचारण्यात जातो.

आमच्या कामात लिहिलेलं बहुतेक सगळं अशा माणसासाठी असतं, जो लिहिणाऱ्याच्या समोर नसतो. रात्री दोन वाजता ज्याचा ऑन-कॉलचा फोन वाजतो, तो अर्धवट झोपेत तुम्ही सहा महिन्यांपूर्वी लिहिलेलं रनबुक उघडतो. रनबुक म्हणजे ‘हे बिघडलं तर असं असं करा’ याची यादी. तिच्यात ‘सर्व्हर नेहमीच्या पद्धतीने रीस्टार्ट करावा’ असं लिहिलेलं असेल, तर तो मनातल्या मनात तुम्हाला काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही.

म्हणजे कंपन्यांची तक्रार खरी आहे. पण तिचं कारण विचारलं की आपल्याकडे एकच उत्तर येतं : इंग्रजी कच्चं. मुलगा मराठी मीडियमचा, खेड्यातला, म्हणून. मीही बार्शीचा, मराठी मीडियमचा. त्यामुळे हे उत्तर मला कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून पाठ आहे.

पण ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, त्यांच्याकडेही हीच तक्रार आहे आणि ती चांगलीच जुनी आहे. हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशासाठी इंग्रजी निबंधलेखनाची परीक्षा सुरू केली, आणि नावाजलेल्या शाळांतून आलेली मुलं त्यात मोठ्या संख्येने अडखळली. १९७५ च्या डिसेंबरमध्ये ‘न्यूजवीक’ने ‘जॉनीला लिहिता का येत नाही’ अशा अर्थाची मुखपृष्ठकथा छापली. २००४ मध्ये तिथल्या एका राष्ट्रीय आयोगाने १२० मोठ्या कंपन्यांना विचारून अहवाल काढला. कर्मचाऱ्यांचं लेखन सुधारण्यावर वर्षाला ३१० कोटी डॉलरपर्यंत खर्च होत असावा, असा त्यात अंदाज होता. हे सगळे जॉनी घरी, दारी, स्वप्नातही इंग्रजीच बोलत होते. तेव्हा इंग्रजी कच्चं हे सगळं उत्तर असू शकत नाही.

*

मला लिहायला कोणी आणि कसं शिकवलं, ते आठवून बघितलं.

शाळेत पत्रलेखन होतं. मागणी पत्र, तक्रार पत्र, अभिनंदन पत्र. बोर्डाच्या परीक्षेत पत्राखाली स्वतःचं नाव लिहायचं नाही, ‘अ. ब. क.’ लिहायचं. पेपर तपासणाऱ्याला मुलगा ओळखू येऊ नये म्हणून हा नियम आहे, त्यात चूक काही नाही. पण दहा वर्षांत मी जेवढी पत्रं लिहिली, ती सगळी कोणीही नसलेल्या माणसाने कुठेही नसलेल्या माणसाला लिहिलेली होती. एकाही पत्राचं उत्तर आलं नाही. येणारच नव्हतं. वह्या न मिळाल्याची तक्रार मी किमान वीस वेळा केली असेल, आणि वह्या मला कधीच कमी पडल्या नव्हत्या.

इंजिनिअरिंगला जर्नल होतं. ज्यांनी महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलवर सीनिअरची फाइल यायची आणि दहा जण गोल करून ती उतरवायचे. ड्रॉइंगच्या शीट तर काचेखाली ट्यूबलाइट लावून छापायच्या. जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाचा साचा ठरलेला : उद्देश, साहित्य, थिअरी, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. निष्कर्षाचं वाक्यही ठरलेलं. अशा प्रकारे अमुक तमुकचा यशस्वीरीत्या अभ्यास करण्यात आला. प्रयोग झाला असो वा नसो, मशीन बंद असो, त्या दिवशी लाइट गेलेली असो, अभ्यास ‘यशस्वीरीत्या’ व्हायचाच. एकदा आमच्या बॅचमधल्या एका मुलीने निरीक्षणात खरे आकडे लिहिले. ते थिअरीशी जुळत नव्हते. तिला पान फाडून परत लिहायला लावलं.

चार वर्षं, दर सेमिस्टरला पाच-सहा जर्नलं, प्रत्येकात आठ-दहा प्रयोग. तीनशेहून जास्त वेळा मी ‘अभ्यास करण्यात आला’ असं लिहिलं. त्या वाक्यात अभ्यास करणारा माणूस नाही. तो कधी केला ते नाही. काय कळलं आणि काय कळलं नाही, तेही नाही. त्यावर शिक्का आणि सही मिळते, म्हणून ते लिहायचं.

आता हा सराव घेऊन आम्ही नोकरीला लागतो आणि कंपनी म्हणते, मुलांना लिहिता येत नाही. खरं तर आम्हाला एक प्रकारचं लेखन फार छान येत असतं. कोणाच्याही अंगाला काही लागू नये, अशा बेताने पान भरणं. ते ज्याला इंग्रजीत सफाईने जमतं त्याला आम्ही ‘कम्युनिकेशन चांगलं आहे’ म्हणतो.

मला ते सफाईने जमायला लागलं होतं.

*

तो शुक्रवार होता. आमचं एक सॉफ्टवेअर क्लिनिकच्या अपॉइंटमेंट्स सांभाळतं. त्याच्या दोन प्रती असतात. एक खरी, जिच्यावर पेशंटांची नावं असतात, आणि दुसरी चाचणीची, जिला आम्ही स्टेजिंग म्हणतो. स्टेजिंगवर साचलेल्या खोट्या अपॉइंटमेंट्स पुसायची एक छोटी स्क्रिप्ट आहे. गुरुवारी मला खऱ्या डेटावर एक गोष्ट तपासायची होती, म्हणून मी त्या स्क्रिप्टच्या फाइलमधला पत्ता बदलून खऱ्या डेटाबेसचा केला. काम झालं. पत्ता परत बदलायला मी विसरलो, आणि इतर बदलांबरोबर ती फाइलही तशीच जमा केली. शुक्रवारी संध्याकाळी निघताना त्या मुलाला म्हणालो, ‘तेवढी क्लीनअप चालवून टाक.’

त्याने चालवली. पुसलेल्या नोंदींचा आकडा भराभर वाढताना बघून त्याला शंका आली आणि त्याने ती थांबवली. तोपर्यंत शनिवार-रविवारच्या बहुतेक अपॉइंटमेंट्स गेल्या होत्या.

पुढच्या दोन मिनिटांत त्याने टीमच्या ग्रुपवर मेसेज टाकला. इंग्रजी मोडकं होतं, काळ चुकले होते, एका शब्दाचं स्पेलिंगही. मराठीत सांगायचं तर असा : ‘मी ६:४० ला क्लीनअप स्क्रिप्ट चालवली. फाइलमध्ये कोणता डेटाबेस आहे ते मी बघितलं नाही. मला वाटलं स्टेजिंग आहे. ६:४२ ला थांबवली. किती गेलं ते मला अजून माहीत नाही.’

बॅकअपवरून डेटा परत आणताना सगळ्यात आधी हे ठरवावं लागतं, की नेमक्या कुठल्या क्षणापर्यंत मागे जायचं. ६:३९. त्याच्या मेसेजमुळे ते आम्हाला लगेच कळलं. मी बसमधून लॅपटॉप उघडून बसलो. रात्री अकराच्या आसपास बहुतेक सगळं परत आलं. मधल्या वेळात लोकांनी नव्याने घेतलेल्या काही अपॉइंटमेंट्स मात्र गेल्या त्या गेल्याच. सोमवारी क्लायंटकडून तक्रारींची यादी आली. तिच्यात एक आजोबा होते. शनिवारी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला आले आणि यादीत नाव नाही म्हणून परत गेले.

घटनेचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण टीममध्ये माझं लेखन चांगलं समजलं जातं. मी दोन पानं लिहिली. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं, मूळ इंग्रजीचा हा मराठी अवतार : ‘नियमित साफसफाईची प्रक्रिया एका नवीन सदस्याकडून राबवली जात असताना चुकीचे कॉन्फिगरेशन लागू झाल्याचे निदर्शनास आले.’

मॅनेजर म्हणाले, ‘छान लिहिलंय. क्लायंटला हेच पाठवू.’

त्या वाक्याकडे नीट बघा. खोटं त्यात एक अक्षर नाही. प्रक्रिया राबवली जात होती, नवीन सदस्याकडूनच, आणि कॉन्फिगरेशन चुकीचं होतंच. पण ते ‘लागू झाले’. पाऊस पडावा तसं. लहानपणी ग्लास फुटला की आम्ही आईला सांगायचो, ‘ग्लास फुटला.’ ती म्हणायची, ‘आपोआप? त्याला पाय फुटले होते का?’ अहवाल वाचणाऱ्या कोणीही हा प्रश्न विचारला नाही, कारण भाषा चांगली होती.

शिवाय मी वाक्यातून सगळी माणसं काढली नव्हती. स्वतःला काढलं आणि त्याला ठेवलं. हे मी ठरवून केलं का? प्रामाणिकपणे सांगतो, लिहिताना मला ते दिसलंही नाही. हात आपोआप तसा गेला, जर्नल उतरवताना जायचा तसा. पण दिसलं नाही हे कारण मला आता पुरेसं वाटत नाही. फाइलमध्ये पत्ता कोणता आहे हे त्यालाही दिसलं नव्हतं, आणि त्याने ‘मी बघितलं नाही’ असं लिहिलं होतं.

मग दोन महिन्यांनी फॉर्म आला, आणि सातव्या मुद्द्यात मी त्याला पाचपैकी दोन दिले.

*

चांगल्या भाषेतलं संदिग्ध लेखन किती महाग पडतं, याचं आमच्या क्षेत्राजवळचं एक उदाहरण फार माणसांना माहीत नाही. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना फुटलं. कल्पना चावलासह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून यानाच्या पंखावर आदळला होता, आणि यान वर असतानाच इंजिनिअरांनी त्याचा अभ्यास करून नासाला स्लाइड दाखवल्या होत्या. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने त्यातल्या एका स्लाइडची चिरफाड केली. तिचं शीर्षक धीर देणारं होतं. ‘लक्षणीय’ अशा अर्थाचा एकच इंग्रजी शब्द तिच्यावर पाच वेळा, वेगवेगळ्या अर्थांनी आला होता. आणि ज्या चाचण्यांच्या आधारावर हा धीर दिला जात होता, त्यातला फोमचा तुकडा प्रत्यक्ष आदळलेल्या तुकड्यापेक्षा सुमारे ६४० पट लहान होता, ही गोष्ट सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक मुद्द्यात होती. अपघाताच्या चौकशी मंडळानेही आपल्या अहवालात या स्लाइडची दखल घेतली.

त्या स्लाइडमध्ये व्याकरणाची चूक नव्हती. ती बनवणाऱ्यांचं इंग्रजीही कच्चं नव्हतं, आणि त्यांना सातव्या मुद्द्यात कोणी दोन गुण दिले नसते.

इथे मला स्वतःशी थोडं भांडायचं आहे. कारण वरचं वाचून कोणी म्हणेल, मग स्पष्ट लिहा, प्रामाणिक राहा, झालं. माझा रूममेट हे ऐकून म्हणाला, ‘तुझं बरंय. सहा वर्षं झाली तुला. फ्रेशरने “मी केलं” असं लिहिलं की तो बाहेर. त्याने का लिहावं?’

हे खरं आहे. आणि ‘मुलांना लिहिता येत नाही’ म्हणणाऱ्या कंपन्या हे सोयीने विसरतात. लोकांना गोल गोल लिहायला कोण शिकवतं? ज्या ठिकाणी ‘मला माहीत नाही’ लिहिणाऱ्याला कमी गुण मिळतात आणि ‘तपासणी सुरू आहे’ लिहिणाऱ्याला जास्त, तिथे चार महिन्यांत कोणीही गोल लिहायला शिकतो. कॉलेजने अर्धं शिकवलेलं असतं, उरलेलं आम्ही शिकवतो. मग तक्रारही आम्हीच करतो.

आमच्या क्षेत्रात यावर एक उपाय सांगितला जातो : दोष न देणारा अहवाल. २०१२ मध्ये एट्सी कंपनीच्या जॉन ऑलस्पॉने त्यावर लिहिलं, मग गुगलच्या लोकांनी पुस्तकात आणलं, आता सगळेच म्हणतात. कल्पना अशी, की चुकलेल्या माणसाला शिक्षा होणार नाही याची खात्री असेल तर तो काय घडलं ते नीट सांगेल, आणि तरच दुरुस्ती होईल. आमच्या कंपनीतही ही पद्धत आहे, कागदावर. मी माझ्या अहवालात माझं नाव घातलं नाही, त्याला हेच कारण देऊ शकलो असतो. दोष द्यायचा नाही ना?

पण गिटलॅबचं उदाहरण बघा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. दुय्यम सर्व्हरवर आहोत असं त्याला वाटत होतं आणि तो मुख्य सर्व्हरवर होता. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर उशीर झाला होता. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि नंतर सविस्तर अहवाल सगळ्यांसाठी खुला केला. त्यात इंजिनिअरचं नाव नाही, ‘टीम सदस्य १’ असं आहे. पण त्याने काय केलं, त्या क्षणी त्याला काय वाटत होतं, हे स्वच्छ लिहिलंय. सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कॉमेंट आणि ७०० नवी खाती बाधित झाली, हेही. आणि डेटा वाचवण्याच्या ज्या व्यवस्थांवर कंपनीचा भरवसा होता त्या चालतच नव्हत्या, हे तर कंपनीनेच स्वतःबद्दल लिहिलंय.

नाव नसणं आणि माणूस नसणं यात फरक आहे. तिथे नाव लपवलं ते छोट्या माणसाला वाचवायला, आणि मोठ्यांची चूक मोकळी सांगितली. मी उलट केलं होतं.

आपल्याकडे हा फरक नवा नाही. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणकडच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. शाळेत आपण ते रयतेच्या भाजीच्या देठापुरतं ऐकतो. पण ते पूर्ण वाचलं तर मला त्यात रनबुक दिसतं. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणागोटा आत्ताच उधळलात तर पुढे काय होईल, घोडी मरतील, मग तुम्ही रयतेला त्रास द्याल, हे एकेक पायरी करून सांगितलंय. रात्री दिवा जळत ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी पेटतील, इतक्या बारकाईने. आणि एकदा आग लागल्यावर कोणाला कितीही कडक शिक्षा केली तरी जळालेलं परत उभं राहणार नाही, हेही. सर्वांत वर बसलेला माणूस छावणीतल्या कारकुनाला समजेल असं लिहितोय. लिहिणाऱ्याची ताकद जितकी जास्त, तितकी समजेल असं लिहायची जबाबदारी जास्त, असं मला त्यातून दिसतं.

याच्या उलट काय होतं, तेही आपल्याकडे लिहून ठेवलेलं आहे. जोतीरावांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लिहिता येणाऱ्यांनी लिहिता न येणाऱ्यांना कागदात कसं अडकवलं ते सांगितलंच आहे. आज त्या मुलाला लिहिता येतं, इंजिनिअरिंगची पदवी आहे, तरी माझ्या अस्खलित दोन पानांपुढे त्याच्या पाच वाक्यांचं काही चाललं नाही.

म्हणून माझ्या रूममेटला माझं उत्तर असं आहे. स्पष्ट लिहिणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे, पण ते सगळ्यांवर सारखं नाही. ज्याची नोकरी एका वाक्याने जाऊ शकते, त्याने जपून लिहिलं तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. ज्याची जाणार नाही, त्याने आधी लिहायचं. मॅनेजरने माझ्या आधी, मी फ्रेशरच्या आधी. आमच्या टीममध्ये हा क्रम बरोबर उलटा लागला होता.

*

या वर्षी आलेल्या मुलांचं इंग्रजी एकदम सुधारलंय. कारण सगळ्यांना माहीत आहे. चार मोडकी वाक्यं चॅटजीपीटीला द्यायची आणि ‘प्रोफेशनल कर’ म्हणायचं. मला यात गैर काही वाटत नाही. मराठी मीडियमच्या मुलाला सहा वर्षांपूर्वी हे मिळालं असतं तर त्याच्या बऱ्याच रात्री सुखाच्या गेल्या असत्या. तो मुलगा मीच.

पण मी एकदा प्रयोग म्हणून त्याचा तो जुना मेसेज त्यात टाकला. आलेला परिच्छेद माझ्या अहवालासारखा दिसत होता. ‘मी बघितलं नाही’ याचं ‘पडताळणीत त्रुटी राहिली’ असं झालं होतं. ‘मला अजून माहीत नाही’ याच्या जागी ‘परिणामांचे मूल्यांकन सुरू आहे’ आलं होतं. मग मी त्याला सांगितलं, ‘कोणी काय केलं ते बदलू नकोस, फक्त व्याकरण सुधार.’ त्याने तसंही करून दिलं. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता. ‘प्रोफेशनल’ या शब्दाचा जगात जो अर्थ आहे, तो त्याने दिला होता.

पुढच्या काळात इंग्रजी सगळ्यांचंच बरं दिसणार. मग सातव्या मुद्द्यात आपण नक्की काय मोजणार?

*

प्रोबेशन वाढल्याचं मला कळलं तेव्हा मी तो अहवाल पुन्हा उघडला. कशासाठी, हे नीट आठवत नाही. बहुतेक स्वतःची समजूत घालायला. मग त्याचा मेसेज शोधला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले.

त्यानंतर काही दिवस मी काहीच केलं नाही. हेही लिहायला हवं. पुढच्या आठवड्यात अहवालात तीन वाक्यं जोडली : ‘फाइलमधला पत्ता मी गुरुवारी बदलला. परत बदलायला विसरलो. शुक्रवारी स्क्रिप्ट चालवायला मी सांगितलं.’ मॅनेजरना आणि एचआरला ई-मेल केला, की सातव्या मुद्द्यातले माझे गुण चुकीचे आहेत, ते बदलावेत. तो ई-मेल लिहायला मला दीड तास लागला, आणि तो नऊ ओळींचा होता. दर दोन मिनिटांनी हात ‘गैरसमज झाला’ असं लिहायला जायचा.

मॅनेजर म्हणाले, ‘आता कशाला उकरून काढतोस?’ वाईट माणूस नाहीत ते. एचआरने कळवलं, की या फेरीचे फॉर्म बंद झालेत. त्याचे वाढलेले तीन महिने कमी झाले नाहीत. तीन महिन्यांनी तो पक्का झाला. माझ्या वार्षिक मूल्यमापनात ‘अधिक दक्षता हवी’ असा शेरा आला, तो बरोबरच होता. क्लायंटला सुधारलेला अहवाल गेला नाही. ते आजोबा कुठले, दुसऱ्या दिवशी परत आले की नाही, मला माहीत नाही.

ई-मेल पाठवल्यावर मी त्याला खाली चहाला नेलं आणि सांगितलं, की पत्ता मी बदलला होता.

तो म्हणाला, ‘माहितीये दादा.’

आमच्याकडे कोडच्या प्रत्येक ओळीची नोंद गिटमध्ये राहते. कोणती ओळ कोणी, कधी बदलली, ते बघायच्या कमांडचं नावच ‘ब्लेम’ आहे. त्याने ती त्याच रात्री चालवून बघितली होती. तिथे माझं नाव होतं, तारीख होती, वेळ होती. बघायला फक्त एक ओळ टाइप करावी लागते. माझा अहवाल इतका नीटनेटका होता, की इतर कोणाला ती टाइप करावीशी वाटली नाही.

‘मग मेसेजमध्ये लिहिलं का नाहीस?’

‘मेसेज आधी टाकला होता. नंतर बघितलं.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘आणि ते तुमचं होतं ना. तुम्ही लिहाल असं वाटलं.’

पुढच्या आठवड्यात माझ्याकडे दोन नवीन मुलांचे फॉर्म आहेत. सातवा मुद्दा तसाच आहे, पाचपैकी गुण तसेच. दोघांचे वर्षभराचे मेसेज मी काढून ठेवलेत. भाषा बघायची नाही असं ठरवलंय. कोणी, काय, केव्हा हे कुठे सापडतं, आणि ‘मला माहीत नाही’ हे कितीदा लिहिलंय, तेवढं शोधायचं आहे. पण त्याआधी माझे स्वतःचे मेसेज याच नजरेने वाचायला घेतलेत. मार्चपर्यंत आलोय.